‘चेहरा दमलेला दिसतो, डॉक्टर’

माझ्याकडे चेहऱ्यासाठी येणाऱ्या माणसांमध्ये ‘मला तरुण करा’ असं म्हणणारं जवळजवळ कोणी नसतं. बोलणं सुरू होतं ते दुसऱ्याच टोकाकडून. ‘ऑफिसात सगळे विचारतात, बरं नाही का?’ ‘नात म्हणते, आजी, तू रागावलीस का?’ ‘झोप पूर्ण होते, तरी चेहरा दमलेला दिसतो, डॉक्टर.’ हे सांगताना बायका आवाज खाली आणतात. पुरुष आधी केस गळतात, टाचेला भेगा पडतात असं काहीबाही दाखवतात आणि मग उठता उठता डोळ्यांखालच्या पिशव्यांवर येतात. जांघेतला नायटा दाखवतानाही माणसं इतकी संकोचत नाहीत. ‘या वयात हे शोभत नाही, मला कळतं’ हे वाक्य तर ठरलेलंच.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. पुण्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते आहे, आणि मला मनापासून वाटतं की या माणसांनी लाजू नये. आपल्या मनात जे नाही ते आपला चेहरा चारचौघांत सांगत सुटतो, तो तसा सांगू नये, एवढंच त्यांना हवं असतं. घरचे हसतील म्हणून माणूस हे लपवतं. लपूनछपून जाणारं माणूस नको त्या हातात सापडतं, आणि काही बिघडलं तर वेळेवर परत येत नाही. चेहऱ्याच्या कामात मी जे काही वाईट पाहिलं, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींच्या मुळाशी औषधापेक्षा ही लपवाछपवी होती.

हे मत माझं कुष्ठरोगाच्या ओपीडीत तयार झालं. शिकत असताना तिथे रोज बसावं लागायचं. या रोगात भुवया झडतात, नाकाचा कणा आतून झिजून नाक बसतं, चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा झाली तर पापणी मिटत नाही. औषधांनी जंतू मरतात, माणूस बरा होतो, त्याच्यापासून कोणाला काही धोका उरत नाही. पण रोगात जाड झालेली चेहऱ्याची कातडी उपचारानंतर रिकामी होते आणि लोंबते. तिशीतल्या माणसाला सत्तरीचा चेहरा येतो. रोग गेला तरी चेहरा सांगत राहतो, आणि लोक चेहऱ्याचं ऐकतात. कागदावरचा रिपोर्ट कोणी वाचत नाही. अशा रुग्णांसाठी ज्या शस्त्रक्रिया होत आल्या, त्यात बसलेलं नाक उभं करणं, डोक्यावरच्या केसांसकट त्वचा आणून भुवई बनवणं यांच्या जोडीला सैल कातडी ओढून घेणं हेही होतं. म्हणजे फेसलिफ्टच. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर अंतिया यांनी इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिक्षण घेतलं आणि ते कौशल्य इथे कुष्ठरुग्णांच्या हातांसाठी, चेहऱ्यांसाठी वापरलं. ती कामं वाचल्यापासून ‘चेहऱ्याचं काम म्हणजे श्रीमंतांचे नखरे’ हे वाक्य मला सहन होत नाही.

पुण्याला तर या कामाचा फार जुना संबंध आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी 1792च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. पुढे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कावसजीच्या कपाळाची कातडी फिरवून त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती चित्रासह छापून आली, आणि 1814मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने त्याच पद्धतीने लंडनमध्ये नाक केलं. त्या वीटवाल्या कारागिराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

आजचा कायदा मात्र एक रेघ ओढतो. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात किंवा इजा यांमुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तर ते उपचार. नाहीतर ते सौंदर्य, आणि त्यावर जीएसटी. कर आकारायला रेघ लागतेच. पण तपासायच्या खोलीत ती इतकी सरळ दिसत नाही. साठीतले एक निवृत्त गृहस्थ वरच्या पापण्या उतरल्यात म्हणून आले होते. ‘झोपाळू दिसतो’ ही तक्रार. मी पापणी बोटाने उचलून धरली आणि ते एकदम म्हणाले, ‘अरेच्चा, वरचा ट्यूबलाइट दिसला!’ सैल कातडी बुबुळावर येऊन त्यांची वरची नजर कापत होती, आणि ती सावरायला ते दिवसभर कपाळ वर ओढून धरत होते. कपाळावरच्या आडव्या आठ्या त्यातूनच आलेल्या. त्या आठ्यांवर कोणी इंजेक्शन दिलं असतं तर कपाळ ढिलं पडून पापण्या आणखी खाली आल्या असत्या. त्यांना मी डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं. पापणीच्या घडीतच छेद घेतात, तो नंतर सहसा कळतही नाही. गाडी चालवताना सिग्नल नीट दिसतो, याचं त्यांना आज चेहऱ्यापेक्षा जास्त अप्रूप आहे.

म्हणून पहिल्या भेटीत मी सुई काढत नाही. खिडकीसमोर, दिवसाच्या उजेडात बसवते, हातात आरसा देते आणि विचारते, ‘काय खटकतं ते बोटाने दाखवा.’ मग, ‘हे तुम्हाला स्वतःला दिसलं, की कोणी दाखवलं?’ दुसऱ्या प्रश्नाला लागणारा वेळ मला बरंच काही सांगून जातो.

चेहरा उतरतो तेव्हा त्यात फक्त कातडीचा दोष नसतो. डोळ्याची खोबण वयाबरोबर रुंदावते, वरच्या जबड्याचं हाड मागे सरकतं, गालातली चरबी ओसरते आणि जागा सोडते. कातडीला ताठ ठेवणारं कोलॅजन तरुणपणापासूनच थोडं थोडं कमी होत असतं. बायकांमध्ये पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत ते साधारण 30 टक्क्यांनी घटतं. ‘दोन-तीन वर्षांतच अचानक म्हातारी झाले’ असं बावन्न-त्रेपन्न वर्षांची बाई सांगते तेव्हा ती वाढवून सांगत नसते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत सुरकुत्या उशिरा येतात. आपलं वय आधी रंगात दिसतं: वांग, डाग, तोंडाभोवतीचा काळसरपणा. आणि हीच त्वचा जरा डिवचली की काळी पडते. जोरदार लेझर किंवा कडक पील गोऱ्या त्वचेला मानवेल, आपल्याकडे त्यानेच नवे डाग उठतात. याहून वाईट म्हणजे गोरं करणारी म्हणून मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची क्रीमं. महिनोन्‌महिने ती चोळून पातळ, लालभडक झालेली, उन्हात आग होणारी कातडी घेऊन दर आठवड्याला कोणीतरी येतं. तिथे टवटवीतपणाची गोष्टच काढता येत नाही. आधी ते क्रीम सोडवावं लागतं.

सनस्क्रीनचं नाव काढलं की लोकांचा चेहरा पडतो. काहीतरी मोठं ऐकायच्या तयारीने आलेले असतात. पण ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात साडेचार वर्षं माणसांवर केलेला अभ्यास 2013मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य मनाला येईल तसं लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी होतं. इतका चांगला पुरावा महागड्या उपचारांपैकी फार थोड्यांकडे आहे. काचेतूनही अतिनील किरणांचा एक भाग आत येतो, त्यामुळे वर्षानुवर्षं एसटी किंवा ट्रक चालवणाऱ्या माणसाचा खिडकीकडचा गाल दुसऱ्यापेक्षा जून दिसतो. विश्वास बसत नसेल तर ओळखीच्या ड्रायव्हरकाकांना समोर उभं करून बघा.

इंदापूरकडच्या एक आजी लेकीबरोबर आल्या होत्या. नातवाचं लग्न ठरलेलं. लेक पुण्यात नोकरी करणारी, कुठून तरी गालांत टोचून भरायच्या फिलरची माहिती काढून आलेली. ‘आईची गालफडं बसलीत, फोटोत बरी दिसावी,’ असं तिचं म्हणणं. मी आजींना विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ त्यांनी पदर तोंडाशी धरला. ‘मला कशाला गं बाई सुया? माझं तोंड आत गेलंय त्याचं काय वाटत न्हाई. पंगतीत बसायची लाज वाटती. समदे उठत्यात तरी माझं चावणं चालूच.’ मी तोंड उघडायला सांगितलं. दाढा एकही नाही, पुढचे चार-पाच दात हलणारे. कित्येक वर्षांची मिश्री. आधी बॅटरी लावून गालाच्या आत पांढरा चट्टा वगैरे नाही ना, ते पाहून घेतलं. दात गेले की त्यांना धरून ठेवणारं जबड्याचं हाडही झिजतं, हनुवटी नाकाकडे सरकते, ओठ आत वळतात. त्या गालांत कितीही फिलर भरलं तरी खालचा आधारच नव्हता. मी त्यांना दंतवैद्याकडे पाठवलं आणि मिश्री सोडण्याबद्दल लेकीसमोर निक्षून सांगितलं. लग्नानंतर लेकीने फोटो दाखवला. वरची-खालची कवळी बसवलेल्या आजी पंगतीत, समोर वाढलेलं ताट. गाल भरून आले होते, आणि त्याला सुई लागली नव्हती.

सुई लागते तिथे मी ती आनंदाने वापरते, हेही सांगायला हवं. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं एक मुख्याध्यापिका आल्या. दोन भुवयांच्या मधोमध उभ्या खोल आठ्या. ‘पोरं माझ्या केबिनशी येऊन परत जातात. मी रागावलेलीच नसते हो.’ त्यांना बोटॉक्स दिलं, आणि ते देण्याजोगंच होतं. बोट्युलिनम हे मुळात बिघडलेल्या अन्नातून जीव घेणारं विष. त्याचा अत्यल्प अंश स्नायूत दिला की मज्जातंतूकडून येणारा आकुंचनाचा निरोप काही काळ थांबतो. आधी ते तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी वापरत. कॅनडात व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स अशाच विकारासाठी ते देत होत्या. तेव्हा एका रुग्णाच्या बोलण्यातून त्यांच्या लक्षात आलं की कपाळही निवळतं. त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांचा निबंध 1992मध्ये छापला गेला आणि अमेरिकेने 2002मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला मान्यता दिली. परिणाम तीन-चार दिवसांनी दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. मुख्याध्यापिकाबाई वर्षातून दोनदा येत राहिल्या. निवृत्त झाल्यावर एकदा आल्या आणि म्हणाल्या, ‘आता नको. नातवंडांना माहीत आहे मी कशी आहे ते.’ मला हे फार आवडलं. सुरू केलं म्हणजे जन्मभर चालू ठेवावं लागतं, सोडलं तर चेहरा आधीपेक्षा वाईट होतो, ही समजूत खरी नाही. सोडलं की चेहरा त्याच्या वयाला येऊन मिळतो, इतकंच.

‘डॉक्टर, तुम्ही केलंय का?’ हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं, आणि मी खरं उत्तर देते. हो, भुवयांच्या मधे केलं आहे. भिंगातून एखादा तीळ किंवा चट्टा पाहताना माझ्या कपाळाला आठी पडायची. साधा तीळसुद्धा मी तशाच चेहऱ्याने बघायचे. समोरचा माणूस मात्र माझ्या कपाळाकडे बघत असायचा. ‘कॅन्सर आहे का हो?’ असं कापऱ्या आवाजात विचारणारे रुग्ण वाढले तेव्हा मी विचार केला. माझ्या डोळ्यांखालच्या पिशव्या, तोंडाच्या कडेच्या रेषा यांना हात लावलेला नाही. त्या माझ्या आड येत नाहीत. उद्या येऊ लागल्या तर पुन्हा विचार करीन, आणि कोणापासून लपवणार नाही.

नाटकात काम करणाऱ्या एक अनुभवी अभिनेत्री माझ्याकडे येतात. मालिकांमधल्या जवळच्या कॅमेऱ्यामुळे कपाळावरच्या रेषा त्यांना सतावतात. पण त्यांची पहिलीच अट होती: ‘डावी भुवई माझी हलली पाहिजे. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ती दिसते.’ आम्ही कपाळाला अगदी थोडं औषध देतो, डावीकडे आणखी कमी. रेषा पूर्ण जात नाहीत, आणि त्या नाराज नाहीत. इतक्या स्पष्टपणे आपल्याला काय ठेवायचं आहे हे सांगणारी माणसं मला फार थोडी भेटली. काय काढायचं याची यादी सगळ्यांकडे असते.

फिलरच्या बाबतीत मी जास्त कडक आहे, आणि त्याला कारण आहे. एक पंचेचाळिशीतली बाई तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. मैत्रिणीच्या घरी, ‘कोर्स केलेल्या’ कोणाकडून तरी, नाकाच्या कडेच्या घडीत फिलर भरून घेतलेलं. टोचलं तेव्हाच कळ आली होती आणि कातडी पांढरी पडली होती. ‘होईल कमी’ म्हणून बर्फ लावायला सांगितलं गेलं. माझ्यासमोर आली तेव्हा नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत जांभळ्या जाळीसारखे पट्टे, मधे बारीक फोड. बोटाने दाबून सोडलं तर रंग परत यायला फार वेळ लागत होता. रक्तवाहिनी तुंबली होती. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर असेल तर हायलुरोनिडेझ नावाचं औषध ते विरघळवतं, पण ते जितक्या लवकर द्यावं तितकं चांगलं. तासांचा हिशेब असतो तिथे हिने दोन दिवस घालवले होते. का? नवऱ्याला कळेल म्हणून. ओढणीने तोंड झाकून घरात वावरत होती. काय भरलं होतं हे तिला माहीतही नव्हतं. आम्ही तासातासाने इंजेक्शनं दिली. बरीचशी जागा वाचली, नाकपुडीच्या कडेला एक खाच राहिली. तिचं दैव बलवत्तर म्हणायचं. नाकाच्या आणि भुवयांमधल्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला जोडलेल्या असतात. फिलर दाबाने उलट दिशेला सरकलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. असे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत.

काहींना मी नाही म्हणते. फोनमधल्या फिल्टरने गुळगुळीत केलेला स्वतःचाच फोटो दाखवून ‘असं हवं’ म्हणणाऱ्यांना. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवराच देत असेल तर मी त्याला बाहेर बसवते. एका बाईने दार लागताच ‘मला काहीच करायचं नाही, तेवढं त्यांना तुम्हीच सांगा’ असं म्हटलं होतं. आणि काहींना असा दोष दिसतो, जो उजेडात, भिंगातून, कुठूनच मला दिसत नाही. दिवसातले कित्येक तास आरशासमोर जातात, तीन डॉक्टर झालेले असतात, कोणाचंच काम पसंत नसतं. हा मनाचा आजार आहे, त्याला उपचार आहेत, पण सुईने तो वाढतो. अशा माणसांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं हे माझ्या कामातलं सर्वांत अवघड बोलणं. निम्मे रागावून जातात. काही परत येतात.

तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे वराच्या आणि वधूच्या आया येऊ लागतात, हातात तारीख घेऊन. पुढच्या आठवड्यात हळद आणि आज पील करा म्हणतात. कार्याच्या आधीचे दोन आठवडे चेहऱ्याला काहीही नवं करू नका. सूज, काळानिळा डाग, उठलेला रंग यांना उतरायला वेळ लागतो, आणि पहिल्यांदाच काही करायचं असेल तर दोन-तीन महिने हातात ठेवून या.

आणि येताना घरात एका तरी माणसाला सांगून या. नवऱ्याला नसेल सांगायचं तर बहिणीला सांगा, मैत्रिणीला सांगा. ज्यांच्या हातात सुई असेल त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा, तिच्यावरचं नाव आणि बॅच नंबर फोनमध्ये टिपून घ्या. फिलर असेल तर ते विरघळवणारं औषध त्याच खोलीत आहे का, ते विचारा. आणि घरी गेल्यावर दुखणं वाढलं, कातडी पांढरी किंवा जांभळी दिसली, किंवा नजरेत जरासाही फरक पडला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. सकाळची वाट पाहू नका.